टोकं नसलेली पानं

"वेंकूअक्कांना मी मारलं," लावण्या म्हणाली आणि तिनं मोबाइल टेबलावर ठेवला.

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत राजलक्ष्मी खासगी तपासाचं काम करी. तिचे थोरले बंधू रंगराव, निवृत्त पोस्टमास्तर, तिच्यासोबत हिंडत. लावण्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. बागप्रेमींच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर कुणी अनोळखी रोपाचा फोटो टाकला, की ते ओळखायचं काम तिचं.

गेल्या सोमवारी ग्रुपमधल्या म्हाताऱ्या वेंकूअक्कांच्या फोनवरून फोटो आला. स्टीलच्या ताटलीत तीन लांबट पानं. खाली लिहिलं होतं, परसात उगवलंय, कंद खाता येईल का? लावण्यानं बोलून कळवलं, आंबेहळद दिसते, लोणचं घाला. गुरुवारी अक्का गेल्या. कंद विषारी होता एवढंच निघालं. कशाचा, हे पोलिसांनी शोधलं नाही. अपघात म्हणून नोंदवून टाकलं.

राजलक्ष्मीनं फोटो मोठा केला. तिन्ही पानांना टोकं नव्हती.

"किडीनं खाल्ली असतील," रंगराव म्हणाले.

"इतकी सरळ, अण्णा?"

तिघं अक्कांच्या घरी गेली. माळी मणी त्या आठवड्यात बहिणीच्या लग्नाला पापनाशमला होता. डोळे पुसत तो सांगू लागला. मोतिबिंदूमुळे अक्कांना अक्षर दिसत नसे, कोरोनानंतर वासही येत नसे. ग्रुपवर त्या बोलूनच निरोप धाडत. लावण्याम्मा हो म्हणाल्याशिवाय परसातलं काही तोंडात घालत नसत. बाग कॉलेजला द्यायचे कागद तयार होत होते, सही तेवढी राहिली होती.

पुतण्या वरुणराव अक्कांजवळच राहायचा. परसात आपण कधी पाऊल टाकत नाही, झाडांतलं काही कळत नाही, तो फोटो ग्रुपवर पाहिला तेवढाच, असं त्यानं सांगितलं. मग पुटपुटला, "ती वेल आधीच उपटायला हवी होती."

परसातल्या भिंतीपाशी लावण्या थबकली. तिचा चेहरा उतरला. "कळलावी," ती म्हणाली. "हिचा कंद जहाल विषारी."

संध्याकाळी राजलक्ष्मीनं सगळ्यांना ओसरीवर बसवलं. दारात पोलीस उभे होते.

"कळलावीच्या पानाचं टोक लांबून कुरळं होतं. त्यानंच ती वर चढते. ते दिसलं असतं तर लावण्या फसली नसती, म्हणून कात्री लावली. फोटोखालचा मजकूर अक्कांना लिहिता येणं शक्य नव्हतं. मणी गावात नव्हता. उरलात तुम्ही, वरुणराव. बाग हातची जात होती. लावण्याच्या शब्दावर अक्का खातील, आणि दोषही तिच्यावरच जाईल. पण ताटलीत नुसती तीन पानं होती. झाड वेल आहे, हे परसात न जाता तुम्हाला कसं कळलं?"

वरुणराव उठून दाराकडे वळला. पोलीस त्याला घेऊन गेले.

"मी टोक दाखवा म्हटलं असतं, तर?" लावण्यानं विचारलं.

रंगराव समजूत घालणार होते. राजलक्ष्मीनं त्यांना थांबवलं.

"तर अक्का असत्या," ती म्हणाली. "पण मारलं त्यानं."

मणी कुदळ घेऊन आला. ती वेल खणून काढू का, त्यानं हळूच विचारलं.

"राहू दे," लावण्या म्हणाली. "तिनं काही केलं नाही."