योलानीची रेघ

गोलसमोर तो गुडघे टेकून बसला होता आणि योलानीची रेघ वाळूने बुजवत होता.

"ए! काय चाललंय?"

तो दचकून उठला. सान पेद्रोच्या या मैदानाची निगा राखणारा सेल्विन. केसांत गवताच्या काड्या, हातात ओली वाळू.

"खड्डा बुजवतोय... कामच आहे माझं."

"खड्डा? टाचेने खूण करते मी, गोलचा मध्य कळावा म्हणून. रोज करते, रोज नाहीशी होते!"

"म्हणून तर रोज भेट होते," तो हसला.

योलानी हसली नाही. उद्या शेजारच्या साल्वादोर देशाशी फुटबॉलचा सामना, गोलरक्षक तीच. जिंकल्या तर होंडुरासच्या वीस वर्षांखालच्या मुली विश्वचषकाला जाणार. त्यासाठी तिने सुयापाच्या माउलीला, साऱ्या होंडुरासच्या मेरीमातेला, नवस बोलला होता, महिनाभर गोड वर्ज्य केलं होतं. आणि याची आई म्हणे साल्वादोरची! शिवाय दुपारी तोच संघ इथेच सरावाला येई. शिवाय त्याच्या खिशातली ती वही, तिचा सराव बघत तो जिच्यात काहीतरी खरडायचा...

"वही दाखव."

"नको, अगं—"

तिने ओढलीच. पानोपानी गोलचं चित्र, तिची उभी राहायची जागा, खाली तारीख.

"कुणाला देणार होतास हे?"

"तुलाच." त्याचे कान लाल झाले. "डाव्या खांबापासून पावलं मोजतेस, पण ती आखूड पडतात. रेघ वीतभर डावीकडे येते. साल्वादोरच्या मुलींनी पाहिली तर तुझी उजवी बाजू उघडी आहे हे कळेल त्यांना."

"मग आधी का नाही बोललास?"

"परवा नुसतं 'शुभ सकाळ' म्हटलं, तर 'हेर' म्हणालीस!"

तिने वही त्याच्या हातात कोंबली. पण मन निवलं नाही. गोड बोलूनच फसवतात ना?

दुसऱ्या दिवशी होंडुरास एका गोलने पुढे, आणि शेवटच्या मिनिटाला साल्वादोरला पेनल्टी. योलानी टाचेने ओढलेल्या आपल्या रेघेवर उभी राहिली. डोळे म्हणत होते, हाच मध्य. त्याचं ऐकावं... आणि तो त्यांचाच निघाला तर?

तिने माउलीचं नाव घेतलं आणि वीतभर उजवीकडे सरकली.

चेंडू उजव्या कोपऱ्यात आला. बोटांच्या टोकांना लागला आणि खांबाबाहेर गेला!

मैत्रिणींच्या मिठ्यांतून सुटून ती कडेला आली. सेल्विन पाठमोरा उभा होता.

"पाहिलंस ना?"

"नाही. तू सरकलीस तेवढं पाहिलं... मग डोळेच मिटून घेतले."

"वा! आणि चेंडू?"

"तू माझं ऐकलंस, योलानी. मला तेवढंच पाहायचं होतं."

तिने हातमोजा काढला. घामेजलेला हात त्याच्यापुढे धरला.

"मग वळ की इकडे... वेड्या."