जागी गांधीलमाशी

मामांनी कामवाल्या मावशींची पिशवी सगळ्यांदेखत टेबलावर उपडी केली. चष्मा, औषधाची बाटली आणि अर्धवट विणलेला पायमोजा बाहेर पडला.

"हीटर मोज्यात मावतो का हो, मामा?" मावशींनी विचारलं.

मामांचे कान तापले. बहिणीच्या घरी चोरी होतेय म्हणून ते धावून आले होते. आठवडाभरात एक छोटा हीटर, ब्लँकेट आणि बिस्किटांचे पुडे नाहीसे झाले होते. बाहेर नळाचं पाणी गोठत होतं आणि मावशींच्या घरी हीटर नव्हता. मामांच्या मते दोन अधिक दोन चार!

"पंधरा वर्षं राबले या घरात. चोर म्हणून इथून जायची नाही. तपासनीस आणा," मावशींनी ठणकावलं होतं.

त्यामुळे तपासनीस बाई आल्या होत्या आणि कोपऱ्यात उभ्या राहून सगळं बघत होत्या.

"दिवसभर घरात कोण असतं?" त्यांनी विचारलं.

"मीच," मामांची बहीण, ताई, म्हणाली. "खाली शिवणाचा क्लास घेते. हे नऊला डबा घेऊन ऑफिसला जातात, ते संध्याकाळी येतात."

"मावशी, तुम्ही?"

"कालपासून मला उंबरा ओलांडू दिला नाही. आज आत घेतलं ते या झडतीला."

"वर काय आहे?"

"उन्हाळ्यात झोपायची खोली," ताईने सांगितलं. "थंडी पडली की बंदच. मागूनही एक जिना आहे."

"मामा, तुम्ही मागच्या जिन्याने या. कुणी उतरलं तर अडवा. मी आतून जाते."

कुणीच उतरलं नाही. खोली उत्तरेकडची, दिवस ढगाळ. बोलताना तोंडातून वाफ निघत होती. एक खाट, एक मोठं कपाट, लांबच्या खिडकीला जाड पडदा. पडद्याच्या चुण्यांत पाय मुडपलेल्या गांधीलमाश्या दिसल्या. मामांनी एकीला बोटाने ढकललं. ती ढिम्म हलली नाही.

"मेल्यात."

"झोपल्यात. या राण्या आहेत. बाकीच्या माश्या थंडीत मरतात, या अशा आखडून उन्हाळ्याची वाट बघतात."

मामांनी कपाटाशेजारच्या भिंतीवर हात टेकला आणि ते किंचाळले. तिथली एक माशी चांगलीच जागी होती.

बाईंनी त्यांच्या सुजणाऱ्या बोटाकडे नीट पाहिलं आणि सगळ्यांना वर बोलावलं.

"एकाच खोलीत बाकीच्या गाढ झोपेत, मग हीच का जागी? तिला उठवायला ऊब लागते. आज ऊन नाही, शिवाय खिडकी उत्तरेची. म्हणजे ऊब कुणीतरी आणली, तीही या कोपऱ्यापुरती. ऊब गेली की ती थोड्याच वेळात पुन्हा आखडते. म्हणजे आपण यायच्या जरा आधीपर्यंत इथे हीटर चालू होता. तेव्हा मावशी खाली आपल्यासमोर होत्या."

"मग कोण?" मामांनी विचारलं.

"दोन्ही जिन्यांवर आपण होतो. तो माणूस उतरलेला नाही. आणि खाटेखाली धूळच आहे."

बाईंनी कपाटावर टकटक केलं. "बाहेर या. आत गुदमराल."

दार उघडलं. गळ्यात टाय, खांद्यावर ब्लँकेट, काखेत हीटर. मामांचे भावोजी!

"नोकरी गेली," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "पहिल्या दिवशी बागेत बसून राहिलो. थंडी सोसेना. मग मागच्या जिन्याने... घरात कसं सांगायचं तेच कळेना."

ताईने नोकरीबद्दल काही विचारलं नाही. "खाली मावशींना चोर म्हणत होते, ते इथे ऐकू येत होतं?"

भावोजींनी काखेतला हीटर खाली ठेवला.

"येत होतं."

बाईंनी तोंड खिडकीकडे फिरवलं. कुणाची नजर कुणाला भिडेना.

"उद्या याल ना, मावशी?" ताईने विचारलं.

"कशाला? दिवसभर मोकळा माणूस आहे की घरात," मावशी म्हणाल्या. "भांडी त्यांना सांगा."

त्या जिना उतरू लागल्या. मामांनी अंग चोरून वाट दिली. माफी कुठून सुरू करायची ते त्यांना सुचत नव्हतं.

शेवटी "चुकलो, मावशी" एवढं तोंडून निघालं, तेव्हा खालचं दार लागून गेलं होतं.