टॉवेलाखालची बोटं

भर बाजारात, भर दुपारी कुणीतरी माझा हात धरला. आणि तोही माझ्याच टॉवेलाखाली!

आता तुम्ही म्हणाल, ही बया टॉवेल घेऊन बाजारात काय करत होती? तर सांगते. मी सविता. घोडेगावच्या शुक्रवारच्या बाजारात मी म्हशींचे फोटो काढते. हसू नका. लग्नाचे काढते, बारशाचे काढते, पण लग्नं काही बारा महिने नसतात. म्हशी मात्र दर शुक्रवारी येतात, आणि नवरीपेक्षा कमी नखरे करतात. व्यापारी ते फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकतात, आणि मग लांबलांबची गिऱ्हाइकं येतात.

एवढ्या जनावरांच्या खुरांनी जी धूळ उडते ना, ती कॅमेऱ्याच्या पोटात गेली की संपलंच. म्हणून लेन्स बदलायची तर मी कडुलिंबाखाली बसते, मांडीवर टॉवेल पसरते आणि त्याच्याखाली हात घालून चाचपडत बदलते. त्या दिवशी तेच चाललं होतं. जुनी लेन्स काढलेली, नवी हातात, कॅमेरा सताड उघडा... आणि टॉवेलाखाली एक तिसरा हात शिरला. त्यानं माझी दोन बोटं गच्च दाबली.

"अहो! काय चाललंय?" मी ओरडले. "कॅमेरा उघडाय माझा!"

समोर एक पोरगा उकिडवा बसलेला. कपाळावर घाम, डोळे घाबरेघुबरे. हात काढायचंही त्याला सुचेना.

"मी... ते... मामा म्हणाले, टॉवेलाखाली हात घाल आन् बोटं दाब..."

झालं काय होतं, तर आमच्या बाजारात जुने व्यापारी अजून तोंडानं भाव बोलत नाहीत. टॉवेलाखाली हातात हात घ्यायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. म्हणजे शेजारच्याला पत्ता लागत नाही. माझ्या पाठीला पाठ लावून एक व्यापारी बसला होता, त्याच्याही मांडीवर टॉवेल. हे महाशय पहिल्यांदाच बाजाराला आलेले. घातला हात चुकीच्या टॉवेलात!

"आरं हर्षल!" मागून त्याचे सूर्यभानमामा धावत आले. "ती फोटूवाली हाय! म्हैस हिकडं हाय, हिकडं!"

सगळा लिंब हसला. मी रागानं लाल झाले होते, पण खरं सांगू? तो हात कसा होता ते मला नंतर घरी जाईपर्यंत आठवत राहिलं. खरखरीत, आणि गरम.

दुसऱ्या शुक्रवारी तो पुन्हा आला. पुणतांब्याहून, मोटारसायकलवर.

"म्हैस तर घेतली ना मागच्या खेपेला?" मी विचारलं.

"घेतली. दावं घ्यायचं राहिलं हुतं."

"पुणतांब्यात दावं मिळत नाही?"

"मिळतंय... पर असलं न्हाई मिळत."

त्याच्या पुढच्या शुक्रवारी त्याला घुंगूर घ्यायचं होतं. त्याच्याही पुढच्या शुक्रवारी काहीच सुचलं नसावं. डोकं खाजवत म्हणाला, "म्हशीला करमत न्हाई. तिच्या वळखीचं कुनी आलंय का बघाया आलतो."

"मग आलंय का?"

"आलंय की," तो म्हणाला, आणि म्हशींकडं नाही, माझ्याकडं बघून म्हणाला. मी उगाचच दाढीच्या ब्रशनं लेन्स झटकू लागले. हो, दाढीचाच ब्रश, कोरा. दुकानातल्या भारी ब्रशापेक्षा चांगली धूळ निघते.

माझं सामानच असलं. कॅमेरा जुना, फेसबुकच्या एका ग्रुपवर नगरच्या फोटोग्राफरनं विकायला काढलेला. आई-बापानं कारखान्याच्या फडात ऊस तोडून तो मला घेऊन दिला. आम्ही मूळचे पाथर्डीकडचे. दिवाळी झाली की ते कोयता घेऊन निघतात आणि मी इथं लंकाबाई मावशीकडं राहते. कॅमेऱ्याचा पट्टा खांद्यावर टाकताना मला रोज आईचा खांदा आठवतो. शिकवलं कुणी म्हणाल, तर यूट्यूबनं. कुठले कुठले लोक, नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, फुकट शिकवतात. काळी म्हैस दिसली की कॅमेरा भांबावतो आणि तिला राखाडी करून ठेवतो, तेव्हा उजेड मुद्दाम कमी करायचा, हे मला दूरच्या कुठल्याशा एका म्हाताऱ्या बाबांनी मोबाईलमधून सांगितलं. त्या बाबांना मी मनातल्या मनात कितीदा हात जोडलेत. उपकार म्हणजे आणखी काय असतं?

एकच गोष्ट माझ्याकडं नव्हती. थर्माकोल धरणारा माणूस.

म्हशीच्या तोंडावर सावली असली की थर्माकोलचा पांढरा पत्रा समोर धरायचा, मग उजेड उलटून तिच्या डोळ्यात चमकतो. पण एका हातात कॅमेरा, एका हातात थर्माकोल, वारं सुटलं की तो पळायचा आणि मी त्याच्यामागं. एक दिवस असाच पळाला, तर हर्षलनं झेलला.

"कुठं धरू?"

"जरा खाली. अजून खाली. आता थोडा वाकडा... हां! हलू नका!"

त्यानं खरंच श्वाससुद्धा रोखला. फोटो असा निघाला की म्हशीच्या डोळ्यात अख्खा बाजार दिसत होता. मी त्याच्याकडं बघून नुसती हसले. आजवर मला कुणी "कुठं धरू?" असं विचारलंच नव्हतं हो.

त्यानंतर तो कारण सांगायचा बंद झाला. यायचा आणि सरळ थर्माकोल उचलायचा. मधल्या दिवसांत स्वारी यूट्यूबवर फोटोग्राफी शिकत होती, हेही बाहेर आलं.

"माणसाला फोटूच्या मधोमध उभं करू नये म्हनं," एकदा तो मोठा आव आणून म्हणाला. "जरा बाजूला ठेवावं."

"मग?"

"मग काय... मी बाजूलाच हाय, म्हनलं. तुमच्या ध्यानात यावं म्हनून."

"ध्यानात आहे," मी म्हणाले. "थर्माकोल सरळ धरा."

सगळं असं गोडीत चाललेलं, आणि मावशीनं स्थळ आणलं. नगरचं घर, पोरगा नोकरीला, माणसं खाऊनपिऊन सुखी. एकच अट. लग्नानंतर बाजारात म्हशींचे फोटो काढत हिंडणं त्यांच्यात चालत नाही. कॅमेरा माहेरीच ठेवून यायचा.

"तेवढं सोडून द्यायचं, सविते," मावशी म्हणाली. "बाकी सोन्यासारखं हाय. फोटू तेवढा पाठवून दे सांजच्याला."

आईचा फोन आला. मागं ट्रॅक्टरचा आवाज. "बाई, आमी हितं लांब. तुझी काळजी वाटती गं. फोटू तर पाठव, म्होरचं म्होरं बघू." तिच्या आवाजात दमणूक होती. मला नाही म्हणवेना. आणि नाही म्हणायला कारण तरी काय सांगू? एक पोरगा थर्माकोल छान धरतो?

आणि गंमत बघा. पंचक्रोशीतल्या पोरींचे स्थळासाठीचे फोटो मी काढलेत, पण माझा स्वतःचा एकही धड फोटो नव्हता. फोटोवाल्याचा फोटो कोण काढणार? कॅमेऱ्याच्या तिपाईचा पाय मोडलेला, दोरीनं बांधलेला. मग त्या शुक्रवारी, बाजार ओसरल्यावर, मी कॅमेरा हर्षलच्या हातात दिला.

"माझा एक फोटो काढायचा. स्थळासाठी."

त्याचा चेहरा... काय सांगू! थर्माकोल हातातून निसटला आणि वाऱ्यानं पार टेम्पोच्या चाकाखाली गेला. तो आणायलाही गेला नाही.

"कुठलं स्थळ?"

"नगरचं." मी अटही सांगितली. सांगताना आवाज जरा फाटलाच माझा. तो नुसता कॅमेऱ्याच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. मला इतका राग आला म्हणून सांगू... अरे, बोल की काहीतरी! म्हशीसाठी पुणतांब्याहून येतोस, आणि आता दातखीळ?

"सगळं सेट केलंय," मी फणकाऱ्यानं म्हणाले. "चौकट माझ्या डोळ्यावर आणायची, बटण अर्धं दाबायचं, मग पूर्ण. म्हशीलाही जमेल."

मी लिंबाखाली उभी राहिले. पदर नीट केला. क्लिक.

बघते तर माझ्या चपला. फक्त चपला!

"पुन्हा."

क्लिक. डोळे मिटलेले. क्लिक. अर्धं डोकं आणि मागं एक रेडकू, तेही माझ्यापेक्षा शार्प. क्लिक. नुसता लिंब. इतके दिवस यूट्यूब बघणारा माणूस, आणि असले फोटो? माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"तुम्ही मुद्दाम करताय!" मी बोट रोखून ओरडले, आणि ओरडता ओरडता मला हसूच फुटलं. कारण त्यानं कॅमेऱ्याआडून मान डोलावली होती. लहान पोरासारखी.

"व्हय," तो म्हणाला. "मुद्दाम करतोय. चांगला निघाला तर तो जाईल ना नगरला..."

आणि त्याच वेळी त्याचं बोट बटणावर पडलं. क्लिक.

मी कॅमेरा हिसकावून घेतला. उन्हात पडद्यावर काही दिसेना. खाली बसले, कॅमेऱ्यावर टॉवेल घेतला, आत डोकावले. मी होते. केस उडालेले, बोट रोखलेलं, तोंडभर हसू. आणि डोळा असा शार्प, असा चमकणारा... थर्माकोल नसतानाही. मी अशी दिसते? मला माहीतच नव्हतं.

"हा चांगलाय," मी टॉवेलाखालूनच म्हणाले. "हा पाठवू का?"

टॉवेलाची कड हलली, आणि तो हात आत आला. तोच. खरखरीत, गरम. पण या वेळी त्यानं बोटं दाबली नाहीत. तळहात वर करून नुसता ठेवला, माझ्या हाताशेजारी.

माझं डोकं भणाणलं. "बोली लावताय का? मी काय म्हैस आहे?"

"न्हाई, न्हाई!" तो घाईघाईनं म्हणाला. "तुमी न्हाई हो... बाजारात मी हुबा हाय. मला घ्यायचं का न्हाई, ते तुमी सांगायचं. आकडा बी तुमीच सांगायचा."

मी टॉवेल डोक्यावरून आणखी खाली ओढला.

"गुन सांगतो," तो हळूच म्हणाला. "शेती हाय, नदीकाठची. आईला विचारलंय, ती म्हनली, फोटूवाली आली तर घरातल्यांचे बी फोटू निघतील. कॅमेरा सोडा म्हननार न्हाई कुनी. आन्..." त्याचा आवाज घोगरा झाला. "थर्माकोल धरीन. जलमभर. लई फोटो काढा तुमी, मी कुटं धरू तेवढं सांगत जावा."

मी टॉवेलाखाली त्याच्या तळहातावर हात ठेवला. बोटं नाही दाबली. सगळा हात दिला आणि त्याचा गच्च धरला, सौदा झाल्यावर व्यापारी धरतात तसा.

"आकडा?" तो पुटपुटला.

"आकडा नाही. आता सोडायचा नाही, एवढंच."

लिंबापलीकडून सूर्यभानमामांचा आवाज आला, "हर्षल्या, ह्या खेपेला बराबर टॉवेलात घातलास का रं हात?" मी टॉवेलातच तोंड लपवलं.

संध्याकाळी फोटो पाठवला. नगरला नाही, बापाच्या मोबाईलवर. खाली लिहिलं, "हा फोटो ज्यानं काढला, त्याच्या घरी बोलणी करा. कॅमेरा सोड न म्हणणारी माणसं आहेत." मग मावशीला जे सांगायचं ते सांगितलं. तिनं आधी कपाळाला हात लावला, मग तो फोटो मोबाईल लांब धरून बराच वेळ बघितला आणि चहा टाकायला उठली.

फडात रेंज नसते. निरोप पोचायला उशीर लागतो. चहा निवला, तेव्हा कुठं बापाचा आवाज आला मोबाईलमधून. मागं बैलांची घुंगरं, आईची कुजबुज. बापाला फार बोलता येत नाही.

"सविता," तो म्हणाला, "तुझी आय रडायली फोटू बघून. तू आशी हसतानी आमी लई दिसांत बघितली न्हाई, बाई. सुटीला आलो की त्या पोराला घरी बलीव. त्याचे पाय धरीन म्हनती तुझी आय. मी म्हनलं, पाय नगं, जेवायला घाल."