वेनलोचं बंद फाटक

एडी लेथम गेस्टहाउसच्या नाश्त्याच्या खोलीच्या दारात आली, तेव्हा सिरिल हॉजेटच्या काट्यावर रक्ताच्या सॉसेजचा पहिला तुकडा होता. तो तिथेच राहिला.

म्हातारी अठ्ठ्याहत्तरची, काटक, अंगात मेलेल्या नवऱ्याचा कोट. मेंढपाळाची बायको म्हणून चाळीस वर्षं टेकडीवर काढलेली आणि आता चर्चमागच्या धर्मादाय खोल्यांपैकी एकीत राहणारी. सिरिलकडे तिने पाहिलंही नाही. ती सरळ ऑनर ब्रॅथवेटसमोर जाऊन उभी राहिली.

“खासगी तपास करणाऱ्या बाई तुम्हीच ना? माझ्या मॉसनं रुडकच्या पाच मेंढ्या फाडल्या म्हणतात. चार वाजता जनावरांचा डॉक्टर सुई घेऊन येतोय.”

“आणि तुम्हाला कुत्रा वाचवायचाय,” ऑनर म्हणाली.

“नाही. मेंढी चाखलेल्या कुत्र्याला आमच्यात दुसरा दिवस नसतो. माझ्या नवऱ्यानं स्वतःचे दोन असेच घालवले. मी रुडकला शब्द दिलाय, तो मोडणार नाही. पण मॉस तेरा वर्षं माझ्याजवळ आहे. सकाळपासून मी त्याच्याकडे पाहिलेलं नाही. त्यानं खरंच केलं का, एवढं मला चारच्या आत कळलं पाहिजे.”

ऑनरने कप खाली ठेवला आणि उठून टोपी घेतली. तिच्या तीन दिवसांच्या सुट्टीचा तिथे निकाल लागला.

ऑनर लीड्समध्ये पंधरा वर्षं हाच धंदा करत होती. सिरिल तिचा शेजारी, पोस्टातून निवृत्त झालेला. त्याला गुन्ह्यांपेक्षा चहाबरोबरचे स्कोन केक प्रिय. मार्केट वेनलोला येण्याची कल्पना त्याचीच होती आणि काल, गुरुवारच्या बाजारात, गाव त्याला फार आवडलं होतं. सर्वांत सुंदर गावाच्या स्पर्धेचे परीक्षक शनिवारी येणार, म्हणून दिव्याच्या प्रत्येक खांबाला फुलांची टोपली लटकत होती. चर्चच्या आवारात स्पर्धा समितीचे अध्यक्ष डेस्मंड पार्जिटर स्वतः शिडीवर चढून यू नावाच्या जुनाट, गर्द झाडाला चेंडूसारखं गोल करत होते. खाली ताडपत्रीवर कापलेल्या फांद्यांचा हा मोठा ढीग. त्यांनी वरूनच हॅट उंचावून पाहुण्यांचं स्वागत केलं होतं.

एकच गालबोट लागलं. रात्री जिन्याखाली ठेवलेल्या मोडक्या खुर्चीवर सिरिलच्या पायाचा अंगठा आदळला. मालकीणबाईंनी खूप माफी मागितली. बाजाराच्या दिवशी कचरा डेपो बंद असतो, उद्या सकाळी उघडला की पहिली तीच टाकून येते, म्हणाल्या.

रुडकचं कुरण चर्चच्या भिंतीला लागूनच होतं. गार्थ रुडक भिंतीजवळच्या कोपऱ्यात उभा होता आणि त्याच्या पायाशी पाच मेंढ्या पडल्या होत्या, जवळजवळ एकमेकींना चिकटून. गळे चिंध्या झालेले. माशा इतक्या, की लोकर हलल्यासारखी वाटत होती. सिरिलने नाकावर रुमाल धरला आणि पाठ फिरवली.

ऑनर मात्र गुडघ्यांवर बसली. तिने मेंढीखालच्या गवतावरून पांढरा हातमोजा फिरवला. मग एकीचा जबडा उघडून बोट आत घातलं आणि गालातून काहीतरी हिरवं काढलं. अरुंद, गडद पानांचा ओला चोथा होता. तो तिने पाकिटात घातला. सिरिलने रुमालाआडून मागे वळून पाहिलं. गवत खाणाऱ्या जनावराच्या तोंडात हिरवं नाही तर काय सापडणार, असं त्याला वाटलं, पण बोलण्यासाठी तोंड उघडायची त्याची तयारी नव्हती.

रुडक रागीट होता, पण खोटा नव्हता. भरपाई नकोच, म्हणाला. एडीच्या नवऱ्यानेच त्याला कातरणी धरायला शिकवली होती. त्याचा सगळा राग पाहुण्यांवर होता.

“वरचा हौद गळतोय म्हणून खालच्या ओढ्यावर जायला फाटक मी उघडं ठेवलं होतं. खांबाला सुतळीनं बांधून. सकाळी बघतो तर फाटक बंद! उरलेल्या तीस मेंढ्या पाण्यासाठी ओरडताहेत. हे हिंडायला येणारे लोक...”

“हिंडणारे फाटक उघडं टाकून जातात, ही तक्रार मी जन्मभर ऐकली,” ऑनर म्हणाली. “बंद केल्याची आजच ऐकते.”

त्या तीन-चार हात रुंदीच्या फाटकावर हिरव्या रंगात सुबक पाटी होती: ‘कृपया फाटक बंद करा. वेनलो समिती.’ शेजारच्या खांबाला रुडकची निळी सुतळी टांगलेली होती. आठच्या आकड्यासारखी घट्ट गुंडाळून, मधोमध गाठ मारून.

“ही गुंडाळी तुमची?”

“माझी? मी सुतळी खिशात कोंबतो.”

फाटकातून जाणारी पायवाट थेट धर्मादाय खोल्यांच्या मागच्या अंगणात निघत होती. रात्री कडी लावून मॉस तिथेच असायचा. वाटेत सिरिलच बोलत होता. त्याचा संशय डोरीन फ्लिटवर होता, आणि संशयाला कारणही होतं.

डोरीनचं चहाचं दुकान चौकात. मॉस रोज तिच्या पायरीवर पसरायचा. परीक्षक यायच्या आत ते म्हातारं, वास मारणारं कुत्रं हलवा, असं तिने, स्वतः सदस्य असलेल्या समितीला, दोनदा लिहून दिलं होतं. ते तिने लपवलंही नाही.

“गेलं तर मी काही सुतक पाळणार नाही,” ती स्कोनवर साखर भुरभुरत म्हणाली. “पण त्याच्या अंगणाची कडी मी काढली नाही. पाचपासून मी भट्टीपुढे होते. खिडकीतून बघा ना, चर्चचं दार दिसतं. रोजच्यासारखे पार्जिटर तेवढे दिसले, कातर घेऊन जाताना.”

“आज सकाळी? कातर घेऊन?”

“त्यांना कातरीशिवाय मी पाहिलेलंच नाही.”

तिने स्कोनची बशी सिरिलपुढे सरकवली. वरचा जॅम लाल होता. सिरिलने बशी हळूच परत सरकवली, आणि त्या गावावरचं त्याचं प्रेम थोडं आणखी आटलं.

पार्जिटर चर्चमागच्या अवजारांच्या खोलीत होते. निवृत्त वकील, गुलाबी गाल, मृदू आवाज. खोली इतकी नीटनेटकी, की तिथे श्वासही विचारून घ्यावा. पाण्याच्या नळ्या, दोऱ्या, रोपं बांधायची सुतळी, सगळं खिळ्यांवर टांगलेलं, प्रत्येक गुंडाळी आठच्या आकड्यात, मधोमध गाठ.

मॉसला पाहिलं होतं ते त्यांनीच. सकाळी सातच्या फेरीत कुत्रा रक्ताळलेल्या तोंडाने गल्लीत फिरत होता. त्यांनीच त्याला धरून एडीकडे नेलं आणि मग रुडकला उठवलं.

“फार वाईट वाटलं,” ते म्हणाले. “गोड कुत्रा होता. पण गावाच्या दृष्टीनं हे आजच उरकलेलं बरं. उद्या परीक्षक येतील.”

कुत्रा अजून जिवंत होता आणि हा माणूस ‘होता’ म्हणत होता. सिरिलला ते खटकलं, पण वकील लोक असेच बोलतात म्हणून त्याने सोडून दिलं.

“यूचं झाड छान कापलंत,” ऑनर म्हणाली. “फांद्यांचा ढीग दिसत नाही कुठे?”

“काल संध्याकाळीच गाडीत भरून डेपोवर टाकून आलो. आवारात कचरा मला रात्रभर सहन होत नाही.”

ऑनर आभार मानून बाहेर पडली.

एडीच्या खोलीत मॉस टेबलाखाली होता. जबड्याच्या केसांवर काळं पडलेलं रक्त. ऑनरने त्याचे ओठ वर करून दात पाहिले. पिवळे, झिजलेले, पण स्वच्छ. छाती आणि पंजे पांढरेशुभ्र. एडी भिंतीकडे तोंड करून बसली होती.

“चर्चची भिंत एवढी उंच का हो?” ऑनरने सहज विचारलं.

“माझा नवरा म्हणायचा, चर्चची भिंत मेलेल्यांना आत ठेवायला नसते, जनावरांना बाहेर ठेवायला असते. का, ते नाही विचारलं मी कधी.”

ऑनर उठली. चार वाजता मागच्या अंगणात रुडक, डोरीन आणि पार्जिटर, तिघांनाही बोलवायला तिने सिरिलला पिटाळलं.

चार वाजता डॉक्टर बॅग घेऊन आला. एडीने मॉसला बाहेर आणलं. दुपारी तिने त्याला अख्खं सॉसेज खाऊ घातलं होतं, पण त्याच्याकडे न बघता. दोरी तिने पार लांब धरली होती.

“डॉक्टर, थोडं थांबा,” ऑनर म्हणाली. “आधी मला सांगा, जिवंत मेंढीचा गळा फाडला तर रक्त किती येतं?”

“कुरण भिजेल,” डॉक्टर म्हणाला.

तिने पांढरा हातमोजा पुढे केला. त्यावर दव आणि मातीचा डाग, बाकी काही नाही. “पाच गळे फाटले आणि गवताला रक्त नाही. रागावलेला माणूस जखम बघतो, जमीन बघत नाही. मिस्टर रुडक, तुमच्या मेंढ्यांचे गळे फाटले तेव्हा त्या मेलेल्याच होत्या.”

रुडकने हातमोजा हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

“कुत्रा मागे लागला की मेंढ्या चहूकडे पळतात. या पाच जणी एका कोपऱ्यात, भिंतीला लागून पडल्या. मॉसच्या दातांत लोकरीचा एक धागा नाही. छातीवर थेंब नाही. रक्त फक्त ओठांच्या केसांवर, बाहेरून पुसल्यासारखं. आणि हे मेंढीच्या गालात सापडलं.” तिने पाकीट डॉक्टरच्या हातावर रिकामं केलं.

डॉक्टरने बोटांत चोथा चोळला. “हे यू आहे. मूठभर पोटात गेलं तरी जनावर तासाभरात आडवं होतं.”

“म्हणून भिंत उंच असते,” एडी हळू आवाजात म्हणाली.

“हो. आणि काल त्या झाडाच्या गाडीभर फांद्या कापल्या गेल्या. मिस्टर पार्जिटर म्हणतात, संध्याकाळी डेपोवर टाकल्या. सिरिल, तुझा अंगठा काय म्हणतो?”

सिरिलला कळायला क्षणभर लागला. मग तो म्हणाला, “काल बाजार होता. डेपो बंद होता.”

“ढीग भिंतीपलीकडे गेला. आवार स्वच्छ दिसायला हवं होतं ना. पहाटे हे बघायला आले, तर पाच मेंढ्या मेलेल्या. परीक्षक उद्या येणार. समितीचा अध्यक्षच गावच्या मेंढ्यांना विष घालतो, हे कसं दिसलं असतं? म्हणून फांद्या गोळा केल्या. घरून कातर आणली. झाड तर कालच कापून झालं होतं, आज कातर कशाला हवी होती? त्या कातरीनं गळे फाडले. मग पायवाटेनं इथे येऊन कडी काढली आणि मॉसच्या तोंडाला रक्त फासलं. चोर सोडून संन्याशाला सुळी.”

“कल्पना चांगली आहे,” पार्जिटर शांतपणे म्हणाले. “मी त्या कुरणात गेलो होतो याला पुरावा काय?”

“तुमची सभ्यता. वाटेत एक उघडं फाटक लागलं, सुतळीनं बांधलेलं. परका माणूस तसाच पुढे गेला असता. शेतकऱ्याला कळलं असतं, की बांधून उघडं ठेवलंय ते कारणाशिवाय नाही. तुमच्या हातांना मेंढीचं रक्त लागलेलं होतं, पण फाटक उघडं टाकून पुढे जाणं तुम्हाला जमलं नाही. सुतळी सोडलीत, गुंडाळलीत, खांबाला टांगलीत, अवजारांच्या खोलीतल्या दोऱ्यांसारखीच. वाटलं तर दोन्ही शेजारी ठेवून बघा.”

तेवढ्यात एडीच्या हातातली दोरी सुटली. मॉस शेपटी हलवत पार्जिटरांकडे गेला, त्यांच्या कोटाच्या उजव्या खिशाला नाक लावलं आणि पुढचा पंजा उचलून बसला. सकाळी तिथून काहीतरी मिळालं होतं, आणखी मिळेल अशी त्याला खात्री होती.

सिरिलने आयुष्यात बऱ्याच घाणेरड्या गोष्टी पाहिल्या होत्या. आज सकाळीच माशा पाहिल्या होत्या. पण त्या उचललेल्या पंजाएवढी किळस त्याला कशाचीच आली नव्हती. ज्याने त्याला मरायला पाठवलं, त्याच्याकडेच ते जनावर खाऊ मागत होतं.

“आधी त्याला खायला घातलंत,” एडी म्हणाली.

“कलेजी,” पार्जिटर म्हणाले. त्यांचे गाल आता गुलाबी नव्हते. “नाहीतर जवळ आला नसता. मिसेस लेथम, तो म्हातारा आहे, वर्षभराचा सोबती. मी हे माझ्यासाठी नाही केलं, गावासाठी केलं. तुम्हाला मी नवं पिल्लू...”

“थुः,” एडी म्हणाली, आणि खरोखरच थुंकली, त्यांच्या चकचकीत बुटांच्या अलीकडे वीतभर.

डोरीनने ॲप्रनच्या खिशातून समितीचा बिल्ला काढला आणि तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. रुडकने पार्जिटरांच्या आणि वाटेच्या मधून बाजूला होऊन जागा दिली, जशी आजारी मेंढीला देतात, अंगाला अंग लागू नये म्हणून. पोलिसांकडे जायचं तर मी गाडीतून नेतो, असं डॉक्टर म्हणाला आणि त्याने बॅग मिटली.

एडी अंगणातल्या फरशीवर खाली बसली, त्या कोटासकट. मॉस परत आला तेव्हा तिने त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि सकाळपासून पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत पाहिलं. कोटाची बाही थुंकीने ओली करून ती त्याच्या जबड्यावरचं रक्त पुसू लागली.

“मी मानलं रे,” ती म्हणत होती. “एका शब्दावर मानलं. तेरा वर्षं, आणि मी तुला विचारलंसुद्धा नाही.”

सिरिल दुसरीकडे बघायला लागला. म्हणून अंगणाबाहेर पडणारे पार्जिटर त्याला दिसले. मान खाली, पाय ओढत, डॉक्टरच्या मागोमाग. उंबऱ्यापाशी ते थांबले, वळले, आणि अंगणाचं फाटक त्यांनी हलकेच ओढून घेतलं. कडी नीट बसली की नाही, तेही बोटाने दाबून पाहिलं.