रिकाम्या खोलीतला फोकस

मी रिकाम्या फ्लॅटचे फोटो काढतो. विकायला काढलेल्या घरांचे. या कामात कुणाला "जरा हसा" म्हणावं लागत नाही. भिंती हलत नाहीत, "मी यात जाड दिसतेय" म्हणून रुसत नाहीत. संध्याकाळी घरी जावं तर तेही रिकामंच. म्हणजे ऑफिसातून ऑफिसात.

प्रश्न कॅमेऱ्याचा होता. लेन्स चांगल्या होत्या, बॉडी जुनी. पकडीचं रबर निघालेलं, ते मी गोंदाने चिकटवलेलं. नवी बॉडी घ्यायची की नाही यावर मी इतके व्हिडिओ पाहिले, की तेवढ्या वेळात लोकांची लग्नं ठरतात.

शेवटी वेळ आणली दलालाने.

"हे काय?" त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "भिंत धूसर, खिडकी धूसर. फोकस कशावर केलाय, हवेवर?"

बरोबर होतं त्याचं. दाराच्या अलीकडचा फरशीचा एक पट्टा तेवढा लख्ख होता. बाकी सगळं धुकं.

"परत असं झालं तर मी दुसरा माणूस बघतो. वाईट वाटून घेऊ नका."

मी घेतलं. मला काम देणारा तो एकटाच दलाल आहे.

कारण मला ठाऊक होतं. माझा कॅमेरा चेहरे ओळखतो. चेहरा दिसला की त्याभोवती पिवळी चौकट येते आणि फोकस तिथेच बसतो. हल्ली ती चौकट रिकाम्या खोल्यांत येत होती. हवेत, माणसाच्या उंचीवर. फोटो काढला की स्क्रीनवर सूचना यायची: कुणीतरी डोळे मिटले आहेत, परत काढायचा का?

पहिल्यांदा मी "हो" दाबलं. शिष्टाचार म्हणून.

मग चेहरा ओळखणं बंद केलं. चौकट गेली, फोकस तिथेच बसत राहिला. हाताने फोकस केला, तरी घरी येऊन बघावं तर तोच पट्टा लख्ख.

घरी समोरच्या खुर्चीवर कॅमेरा रोखला तरी चौकट यायची. तेव्हा मी जेवताना तो टेबलावर चालू ठेवू लागलो. दलालाला शिव्या घालायच्या तर ऐकायला कुणी लागतं. मध्येच चौकट किंचित खालीवर व्हायची. मी ते "हो ना" असं धरून चालायचो.

थोडक्यात, नवी बॉडी घेतली तर काम वाचणार होतं आणि जेवायला सोबत राहणार नव्हती. ताईला फोन केला.

"घेऊन टाक की, टिल्ल्या! एवढा काय विचार? जुन्यात जीव अडकलाय का तुझा?"

"माझा नाही."

"काय?"

"काही नाही. घेतो."

दुकानदाराने जुनी बॉडी बदल्यात घेण्याआधी तपासली. आधी माझ्यावर रोखली. माझ्या तोंडावर चौकट आली. "ठणठणीत आहे की. देताय कशाला?"

"त्या रिकाम्या स्टुलावर धरा जरा."

त्याने धरली. काहीच नाही. मला राग आला. जायचं होतं तर सांगून तरी जायचं.

नव्या कॅमेऱ्याने पुढचा फ्लॅट असा आला की भिंतीवरचे रंगाचे ओघळ मोजावेत. "आता कसं!" दलाल म्हणाला. घरी येऊन मी खुर्ची पाहिली, कोपरे पाहिले, दार पाहिलं. चौकट कुठेच नाही. त्या दिवशी मी ओट्याशी उभ्याउभ्याच जेवलो.

रविवारी दुपारी ताईचा मेसेज आला. "नव्या कॅमेऱ्यातून तुझा फोटो पाठव. जिवंत आहेस का कळू दे." मी ट्रायपॉड लावला, टायमर लावला, खुर्चीत बसलो. फोटो मोबाइलवर घेतला आणि खिडकीशी उभा राहून पाठवला.

"काय स्वच्छ आलाय! मोठा करून बघितला, तुझ्या डोळ्यात खिडकीसुद्धा दिसते."

मग थोड्या वेळाने, "आणि हा कोण?"

मीही मोठा केला. माझ्या डोळ्यात खिडकी होती. ट्रायपॉड होता. ट्रायपॉडमागे कुणीतरी कॅमेऱ्याला डोळा लावून वाकलं होतं, मी वाकतो तसंच.

कॅमेऱ्यासमोरची प्रत्येक जागा मी शोधली होती.

मागची नाही.

"टायमर" असं टाइप केलं. खोडलं.

"आहे एक," मी लिहिलं.

"अय्या! बरं झालं बाई. एकटा असतोस म्हणून जिवाला घोर होता. घेऊन ये की एकदा घरी."

माझी ट्रायपॉडकडे पाठ होती. मागून बारीक बीप आला. फोकस लागला की येतो तसा.

मी वळलो नाही. केस तेवढे नीट केले.