अग्निगोलाची पोच

ज्या वर्षी रेणुका कडूचं लग्न झालं, त्या वर्षी तिचं कन्यादान मामाने केलं. वडील चार वर्षांपूर्वी दक्षिण ध्रुवावरच्या बर्फात गारठून वारले होते. आई, डॉ. शेवंता कडू, तिथल्याच उल्कासंदेश केंद्राची प्रमुख होती. सौरवादळाने उपग्रह मुके झाल्यापासून लांबचं बोलणं उल्कांच्या भरवशावर चाले.

अकरा जून. दुपारचे दोन वाजले तरी काळोख; तिथे त्या महिन्यात सूर्य उगवत नाही. एकाएकी खिडकीबाहेरचा बर्फ हिरवा झाला, मग पांढराशुभ्र. चंद्रापेक्षा तेजस्वी अग्निगोल क्षितिजाकडे तुटत गेला आणि ग्राहकयंत्र बोलू लागलं.

"सरंजामे बोलतोय. बर्फगाडी बंद पडलीय, वाटेवरच्या नव्वदाव्या खांबाशी. एकटाच आहे..."

वीस सेकंदांत आवाज विरला.

"ताई, सुटकेच्या विमानाच्या कागदावर सही करा," सहकारी डॉ. फिरोज मुलाणी उठला.

"आणखी कुणी ऐकलं असेल हे?"

"कोण ऐकणार? जळत्या उल्केमागे विद्युतभारित हवेची रेघ राहते, ती रेडिओलहरींचा आरसा होते. त्याचा कवडसा पडला तो आपल्याच भागावर. तुम्हीच तर शिकवलंत."

"मग हाक आलीच नाही."

"ताई!"

"चार वर्षांपूर्वी आमच्या यांनी हाक मारली तेव्हा मोहीमप्रमुख हाच सरंजामे होता. वादळात विमान कशाला घालवा, म्हणून वहीत काय लिहिलं त्याने? 'हाक आलीच नाही.' तेच शब्द लिही, फिरोज. एकही वाढवू नकोस."

"मी नाही लिहिणार."

"नको लिहूस. सही माझी लागते."

फिरोज रात्रीपर्यंत विनवत राहिला. ती हलली नाही.

सहाव्या दिवशी दुसऱ्या केंद्राच्या पथकाला गाडी सापडली. सरंजामेची वही फिरोजने तिच्यासमोर वाचली.

"'दोन वाजून चार मिनिटं. पोच मिळाली. निवारा दीड किलोमीटरवर आहे, पण हाक पोचल्यावर गाडी सोडायची नाही, हा नियम. थांबतो.'"

"पोच? कुणी दिली?"

"आपल्या यंत्राने. आरशातून लहर येते त्याच वाटेने परतही जाते, ताई. हाक ऐकली की यंत्र आपोआप पोच देतं; त्या दिवशी आपण दोघंही ते विसरलो. पोच गेली नसती, तर तो चालत निवाऱ्यात पोचला असता. तिथे शेगडी होती, तेल होतं. वाचला असता."

शेवंताने वही त्याच्या हातून घेतली.

"किती तास वाट पाहिली त्याने?"

"बत्तीस."

"यांनी एकोणीस पाहिली होती," ती म्हणाली आणि वही मिटली.

बाळकृष्ण सरंजामे, वय एकसष्ट, बारा जूनच्या रात्री दहाच्या सुमारास थंडीने मेले.