लाल तुऱ्याचा कोंबडा आणि ओंजळभर पाणी

"पाणी देता का जरा?"

मी पोहरा वर ओढत होते. वळून बघितलं, तर आमच्या विहिरीच्या कठड्याशी एक जण उभा... उन्हानं लालबुंद, पाठीवर पिशवी, गळ्यात ओळखपत्र. त्या कार्डावर लाल तुऱ्याचा एवढासा कोंबडा. चकलांब्याच्या शिवारात असला अनोळखी माणूस दिसला की मी आधी शंका घेते, पाणी नंतर देते. आई म्हणतेच, "आमच्या स्वप्नीला देव भेटला तरी ती आधी आधार कार्ड मागंल."

"कोण तुमी? कावून आलाय?"

"सोमेश्वर. नेकनूरचा. परभणीला विद्यापीठात संशोधन करतो. कोंबड्यांच्या मोठ्या शेडांमुळं आसपासच्या पाण्याचं काय होतं, ते तपासायला आलोय. पण आधी पाणी द्या, नाहीतर संशोधन इथंच संपेल."

मला हसू आलं. आलं ते आलं, पण त्याला दाखवायचं कशाला? मी पोहरा तिरका धरला, त्यानं ओंजळ केली. पाणी कोपरापर्यंत ओघळलं, आणि पिता पिताच त्यानं डोळे वर केले... अगं बाई! माझा हात हलला आणि त्याचा सगळा शर्ट भिजला.

"हे मुद्दाम केलंत," तो म्हणाला.

"सिद्ध करा. संशोधक ना तुमी?"

आमच्या विहिरीच्या वरच्या अंगाला विजयसिंहांची शेडं आहेत. विजयसिंह म्हणजे आमच्याकडचे पुढारी. त्यांच्यापुढं कुणी बोलत नाही. पूर्वी लोक खतासाठी आमची मेंढरं शेतात बसवायला बोलवायचे, आता शेडातलं कोंबडखत ट्रॉलीनं नेतात. तेही जाऊ द्या. पण त्या खताचा डोंगर उतारावर साठतो, पावसात त्याचं पाणी आमच्याकडं येतं, विहिरीला वास मारतो, हे सांगून सांगून माझा घसा बसला. सगळे विचारायचे, पुरावा काय? आणि आता हा पुरावा शोधणारा आपल्या पायानं आला होता. आनंद झाला, म्हणूनच जास्त संशय आला.

"या कामाचे पैसे कोण देतं तुमाला?"

"एक ट्रस्ट. दोन वर्षं दारोदार फिरलो. या विषयाला कुणी निधीच देत नाही हो... शेवटी यांनी दिला."

"आणि ट्रस्टला कोण देतं?"

तो नमुन्याच्या बाटलीत पाणी भरता भरता थांबला. "तुम्ही पोलिसात का नाही गेलात?"

"उंची भरली न्हाई."

तो असा मोकळा हसला की माझा दिवसभर मेंढरं मोजताना आकडा चुकत होता.

पुढच्या खेपेला तो आला, तेव्हा मी पोपटी ओढणी घेतली होती. सहज हं! पोहरा पुढं केला, तर म्हणाला, "नको... आहे माझ्याकडं." आणि पिशवीतून विकतचं पाणी काढून प्यायला. माझ्याकडं न बघता. त्याच दुपारी माझा भाऊ परमेश्वर सांगत आला की साहेब विजयसिंहांच्या शेडावर चहा पीत बसलेत.

बरं! तिथला चहा चालतो, आमचं पाणी चालत नाही. म्हणजे एक तर आम्ही मेंढरामागची माणसं म्हणून, नाहीतर या पाण्यातलं काहीतरी त्याला ठाऊक आहे म्हणून. दोन्हींतलं एकही मला बरं वाटेना. तरी तो जायला निघाला की मी बाभळीआडून त्याची ट्रस्टची जीप वळेपर्यंत बघायचे. मनाला काय लाज असते का?

एक दिवस आईनंच त्याला घरी चहाला बोलावलं. मी वाटच बघत होते. विजयसिंहांच्या शेडातून कोंबड्यांच्या खाद्याचं एक रिकामं पोतं परमेश्वरनं आणलं होतं. तेच मी ओसरीवर अंथरलं, चित्र वर करून.

"बसा की. हा कोंबडा वळखीचा वाटतोय का?"

लाल तुरा, तीच ऐट. त्यानं पोत्याकडं बघितलं, मग गळ्यातल्या कार्डाकडं. चेहरा खर्रकन उतरला.

"म्हणजे ट्रस्ट खाद्यवाल्या कंपनीचा..." तो पुटपुटला. "मी विचारलंच नाही. निधी मिळाला, या आनंदातच होतो."

"विचारायचं न्हवतं, म्हणून न्हाई विचारलं."

आईनं चहा आणून ठेवला. तो कपाला हात लावेना. आईचा चेहरा एवढासा झाला.

"आमच्या हातचं चालत न्हाई का, सायेब?"

"तसं नाही, मावशी... तसं अजिबात नाही..."

तेवढ्यात बबितावहिनी बाळाला काखेत घेऊन बाहेर आली. तिला दूध पुरत नव्हतं, म्हणून बाळाला डब्यातली भुकटी चालू होती. तिनं भांड्यातलं कोमट पाणी बाटलीत ओतलं, भुकटी टाकली, बाटली हलवली.

"थांबा! पाणी कुठलं?"

"इहिरीचंच. चांगलं खळखळून उकळलंय की."

त्यानं उडी मारून बाटली हिसकावली. आणि विद्यापीठातली ती गुळगुळीत भाषा कुठल्या कुठं गेली.

"न्हाई पाजायचं, ताई! उकळून जात न्हाई ते, उलट वाढतंय! त्या खतातलं नायट्रेट उतरलंय तुमच्या इहिरीत. मोठ्या माणसात लवकर कळून येत न्हाई, पण एवढ्या लेकराला लई वाईट. नखं निळी पडत्यात..."

वहिनीनं बाळाची मूठ उघडली. नखं निळसर होती. आईनं दृष्ट लागली म्हणून त्याच मनगटात काळा दोरा बांधला होता.

सगळे त्याच्याच जीपमधून बीडला गेलो. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, पोर सुखरूप आहे. तेव्हा कुठं मी दवाखान्याच्या ओट्यावर बसले. तो जरा अंतर ठेवून बसला.

"कधीपासून ठाऊक होतं?"

"दुसऱ्या खेपेपासून. ट्रस्टला दाखवल्याशिवाय कुणाला सांगायचं न्हाई, अशी अट होती. वाटलं, अहवाल झाला की सांगू... घरात एवढं लेकरू हाय, हे माहीत न्हवतं."

"लेकरू नसतं, तर आमी पीतच राहिलो असतो?"

तो म्हणाला, "व्हय."

खोटं बोलता आलं असतं त्याला. मला इतका राग आला की रडूच फुटलं, आणि त्या रागातच कळलं की या माणसावर आपला जीव जडलाय. काय हे नशीब!

त्यानं ट्रस्टला फोन केला, गावात सभेत उभं राहून सगळं सांगितलं. निधी बंद झाला, जीप परत गेली. विजयसिंहांची माणसं म्हणाली, याला दुसऱ्यानं विकत घेतलंय. पण पुढं खताचा ढीग मुकाट्यानं हलला. जाताना तो एवढंच म्हणाला, "रस्त्याकडच्या हापशाचं पाणी चांगलं हाय. तेच प्या." माझ्याकडं बघितलं... आणि गेला. फोन नाही, काही नाही. पळाला, म्हटलं मी. सगळे असेच.

मग एका सकाळी मी हापशावर घागर भरत होते. एसटी गेल्याची धूळ खाली बसली, आणि धुळीतून तो. पाठीवर तीच पिशवी. गळ्यात कोंबडा नाही.

"आता कोण पैसे देतंय?" मी घागरीकडंच बघत विचारलं.

"कुणीच न्हाई. दुसरीकडं अर्ज टाकलाय. तवर घरच्या म्हशी राखतोय."

"मग नमुने न्यायला आलात?"

"न्हाई."

"विजयसिंहांकडं काम हाय?"

"न्हाई."

"मग कावून आलात?"

"तुमच्यासाठी," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला. "लई दिवस हिंमत होत न्हवती. म्हटलं, निधी न्हाई, नोकरी न्हाई... आणि तुमी तर मला लबाडच समजता."

"आधार कार्ड दाखवा."

त्यानं खरंच खिशातून काढून दिलं! सोमेश्वर, मुक्काम नेकनूर. सगळं बरोबर होतं.

"फोटो लई वाईट हाय," मी म्हटलं.

"माणूस?"

मी हापसा मारू लागले. त्यानं ओंजळ केली आणि डोळे मिटून पोटभर प्यायला. मग ओल्या हातांनीच दांडा माझ्या हातातून घेतला.

"आता तुमी."

धार सुरू झाली. पाणी कुठलं, कधी तपासलं, कुणी तपासलं... यातलं काहीसुद्धा मी विचारलं नाही. ओंजळ पुढं केली आणि प्यायले.